कुपवाडचा वायसर बंगळूरला

बंगळूरहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "लालबाग पाहिली का?" नाही पाहिली. "विधानसौध तरी?" पाहिली, बसच्या खिडकीतून, आणि तीही अर्धीच, कारण पुढच्या सीटवरचे गृहस्थ नेमके तेव्हाच उभे राहून वरची पिशवी काढत होते. "मग तिकडं केलंत काय?" या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन कंटाळले, म्हणून लिहायला बसले. मी बंगळूरला एक रबरी वायसर पोचवायला गेले होते. तो पोचवला, बसवला, चालवला आणि उघडून बघून आले. ज्यांचं काम होतं त्यांचं नाव लिहू नका असं मला सांगितलंय, त्यामुळे ते सोडून बाकी सगळं सांगते.

आधी आमची ओळख. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं रबराचं छोटंसं वर्कशॉप आहे. साखर कारखाने, नदीवरचे उपसा पंप, दूध संघ यांना लागणारे वायसर, पॅकिंग, ऑइल सील आम्ही बनवतो. आमचे हे, म्हणजे दिनकरराव चौगुले, गिऱ्हाइकं सांभाळतात. रबर माझ्याकडं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकले तेव्हा आईला काळजी होती, की हातांना असा वास येणाऱ्या पोरीला कोण करून घेणार. शेवटी लग्नच रबरवाल्याशी झालं आणि वासाचा प्रश्न मिटला.

मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा आम्हीही वर्कशॉपात पेढे वाटले होते. ते पेढे फिरून आमच्याच रबराच्या प्रेसवर येतील असं तेव्हा कुणाला वाटलं होतं! मोठमोठे देश रागावले आणि त्यांनी आपल्याला माल द्यायचं बंद केलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा जुनाच हिशेब. संगणक बंद झाले, यंत्रं बंद झाली, हे पेपरात आलं. पेपरात आलं नाही ते असं, की बांगडीएवढी एक रबरी रिंगसुद्धा बंद झाली. ही रिंग एका नव्या विमानाच्या पंपात बसते. विमानाची चाकं आणि पंखांच्या फळ्या ज्या तेलाच्या दाबावर हलतात, ते तेल हा पंप फिरवतो. रिंग नाही तर पंप गळतो, पंप गळला तर विमान शेडमध्येच उभं.

एवढ्याशा मालासाठी डाय, म्हणजे साचा, करायला मोठी कंपनी तयार होईना. मग कुणा पंपवाल्यानं आमचं नाव सांगितलं, आणि एके दिवशी फोन आला. पलीकडचा माणूस मराठी बोलत होता, पण असं मराठी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "नमस्कार अक्का. मी खंडोजी राव, बंगळूरहून बोलतो. तुमी करून देता का आमाला एक वायसर? स्वल्प अर्जंट आहे."

केला. पहिला लॉट तेलात बुडवला की पुरीसारखा फुगायचा. दुसरा फुगला नाही, पण तापवल्यावर कडक होऊन तडकला. कच्चं रबर मिळत होतं, कृती मिळत नव्हती. हरभऱ्याची डाळ आणि गूळ घरोघरी असतात, म्हणून पुरणपोळी सगळ्यांना येत नाही. तिसऱ्या लॉटला मी हट्टाला पेटले आणि गणपती कधी बसले, कधी उठले ते मला कळलं नाही, पण तो लॉट जमला.

खंडोजी रावांनी फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीहून समिती येणार. त्याआधी आमची रिंग पंपात घालून, तापल्या तेलात, पूर्ण दाबाखाली तीस तास न थांबता चालवून दाखवायची. टिकली तर आपली रिंग पक्की. नाही टिकली तर तिसऱ्याच एका देशाकडून आडवाटेनं रिंगा घ्यायच्या, त्यांच्या अटींवर. म्हणजे रिंग कुठं घातली ते त्यांना कळवायचं, आणि ते उद्या रुसले की पुन्हा आपलं विमान शेडमध्ये. मी म्हटलं, "खंडेनवमीला सकाळी पोचते. पूजा झाली की चालू करू." ते म्हणाले, "सरी अक्का, पूजा झाल्यावर."

नवमीच्या दुपारी सुरू केलं की दसऱ्याच्या संध्याकाळी संपतं, समिती यायच्या आत. वर काही बिघडलंच तर निस्तरायला एक रात्र हातात. असा माझा बेत होता.

होसकोटे, खंडेनवमी

चाचणीची शेड होसकोट्याच्या औद्योगिक भागात होती. बसस्टँडवर मला घ्यायला आलेल्या व्हॅनच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधलेले, पुढं झेंडूची माळ, काचेवर भस्माची तीन बोटं. वाटेत दिसलेली प्रत्येक लॉरी, प्रत्येक सायकल अशीच नटलेली. खंडेनवमी आमच्याकडंही असते. पण आमच्याकडं हत्यारांना हळदकुंकू लागतं आणि काम सुरू होतं. इथं सारं गाव नवरदेव झालं होतं.

गेटवरच्या शिपायानं माझी पिशवी उघडली. आत स्टीलचे दोन डबे. पहिल्यात रिंगा होत्या, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पांढऱ्या पावडरीत लोळवलेल्या. त्यानं पावडर बोटावर घेतली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पावडरीकडं बघितलं. पांढरी पावडर घेऊन संरक्षण खात्याच्या दारात उभी असलेली नऊवारी नेसायच्या वयाची बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी. मी घाईघाईनं दुसरा डबा उघडला. त्यात सांगलीचं भडंग होतं. "ओ! कडलेपुरी!" तो एकदम खुलला. इकडं पूजेचा प्रसाद म्हणून चुरमुरे आणि डाळं वाटतात, त्याला कडलेपुरी म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यानं मूठभर भडंग तोंडात टाकलं, लसणीचा आणि तिखटाचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि मला सन्मानानं आत सोडण्यात आलं.

खंडोजी राव दारातच भेटले. पन्नाशीचा उंच माणूस, पांढरी मिशी, कपाळावर कुंकू. वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "या अक्का. प्रवासात त्रास झाला काय?" आतमध्ये चाचणीचं यंत्र होतं, आमच्या प्रेसच्या तिप्पट मोठं. त्याला झेंडूचे हार, पायाशी लिंबं, पुढं समई. माझा डबाही त्यांनी घेऊन यंत्रासमोर पाटावर ठेवला आणि पुजाऱ्यानं झाकणावर हळदकुंकू वाहिलं. आमच्या कुपवाडच्या वायसरांची पूजा बंगळूरचा पुजारी करतोय हे पाहून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. आरती झाली, बाहेर कोहळा फुटला, कडलेपुरी वाटली. मी पदर खोचला आणि म्हटलं, "चला, बसवू या रिंग."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आज?" खंडोजी राव म्हणाले. "आज कसं होनार अक्का? पूजा झाली की आता. पूजा झाल्यावर मशीन मुट्टायचं नाही. मुट्टायचं म्हंजे हात लावायचं. नाळे, उद्या पहाटे, चालू."

आमच्याकडं पूजा झाली की मुहूर्ताला म्हणून लगेच प्रेस चालू करतात. पहिला वायसर देवापुढं ठेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. इथं पूजा झाली की यंत्राला दिवसभर सुट्टी. 'पूजा झाल्यावर' म्हटल्यावर मला माझ्या पूजेनंतरची दुपार दिसली, त्यांना त्यांच्या पूजेनंतरची पहाट. दोघांनाही वाटलं, जगात एकच पद्धत आहे.

मी उखडले. माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे, आता होसकोट्यातही आहे. "अहो, तीस तास! पहाटे पाचला सुरू केलं तर परवा अकरा वाजतील. समिती तोवर दारात उभी असेल! एवढे देश आपल्याला अडवायला टपलेत, त्यात आपणच आपल्याला अडवायचं? हा तर दुष्काळात तेरावा महिना झाला!" खंडोजी राव शांतपणे ऐकत होते. शेडमधली माणसं मराठी येत नसूनही बरंच काही समजल्यासारखी खाली बघत होती. शेवटी ते म्हणाले, "तुमी घरी जा अक्का, माझ्या बहिणीकडं. ऊटा करा, जेवण करा. मी मोठ्या साहेबांशी बोलून येतो."

मल्लेश्वरम, त्याच दिवशी

व्हॅननं शहरात सोडलं आणि पुढं मी रिक्षा केली. मल्लेश्वरमच्या एका वळणावर कुणीतरी भर रस्त्यात कोहळा फोडला होता, कुंकू घालून. रिक्षाचं चाक त्यावर गेलं आणि आम्ही रस्त्यावरून असे अलगद गोल फिरलो की मी थेट बाहेर, कोहळ्याच्या गरात बसले. रिक्षावाला धावत आला. माझ्या साडीवरचं कुंकू रक्त समजून त्यानं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "काही झालं नाही," पण तो पुढं सगळ्या रस्त्यात देवाचा धावा करत होता. त्या दिवशी शहरातल्या सगळ्या इस्पितळांत माझ्यासारखी गिऱ्हाइकं येतात म्हणे.

अशा अवतारात मी तुळसाक्कांच्या दारात उभी राहिले. तुळसाक्का म्हणजे खंडोजी रावांची थोरली बहीण. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, जाड भिंगाचा चष्मा. मला बघून घाबरल्या नाहीत. "कुंबळा?" म्हणाल्या, म्हणजे कोहळा. "दर वर्षी एक तरी पावना असाच येतो. या, साडी बदला."

घर स्वच्छ, थंड, लाल गुळगुळीत जमिनीचं. देवघरापुढं पाटावर एक तलवार ठेवलेली होती. म्यान जुनं, मूठ हळदीनं पिवळी. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर यांचे पूर्वज इकडं आले आणि इथलेच झाले. मी नेहमीप्रमाणं विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" आपल्याकडं हा प्रश्न नावानंतर लगेच येतो. तुळसाक्का हसल्या. "मल्लेश्वरम. आनि कुठलं असनार? खंडूला पन लोक विचारतात. तो पन हेच सांगतो. महाराष्ट्र आमी नकाशात बघितलाय." मी चिडवलं, "म्हणजे तुम्हाला गावच नाही?" "नाही की," त्या म्हणाल्या. "मराठी आहे. तेवढं पुरे झालं."

जेवायला बिसी बेळे भात होता. आमची खिचडी साध्या घरची, ही मात्र सासरी जाताना नटलेली. दोनदा वाढून घेतला आणि राग निम्मा उतरला. निम्मा राखून ठेवला, खंडोजी रावांसाठी.

ते चारच्या सुमाराला आले. कॉफी झाली, आणि मग बूट काढलेल्या पायांकडं बघत म्हणाले, "साहेबांनी परवानगी दिली. दोघं टेक्निशियन यायला तयार आहेत. एक ख्रिश्चन आहे, एक म्हनतो देव समजून घेईल. तुमी हो म्हनला तर आज रात्रीच चालू करतो."

"मी का? यंत्र तुमचं."

"वायसर तुमचा. बिघडला तर दुसऱ्यांदा बसवायला वेळ पाहिजे म्हनून तुमीच भांडलात. भांडन बरोबर होतं." मग ते म्हणाले, "मला पन आजच चालू करावं वाटतं, अक्का. तुमाला ठाऊक नाही मला किती वाटतं."

तेव्हा त्यांनी सांगितलं. याच विमानाच्या कामासाठी ते परदेशातल्या एका कारखान्यात दीड वर्ष होते. तिथल्या माणसांशी मैत्री झाली होती, एकमेकांच्या घरी जेवणं व्हायची. पोखरणनंतर एका सकाळी नेहमीसारखे कामावर गेले, दाराला कार्ड लावलं आणि दार उघडलं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही. काचेपलीकडं रोज सोबत कॉफी पिणारा माणूस उभा होता. त्यानं मान खाली घातली. "आमचे कागद आत, आकडे आत, टेबलवर माझा डबा पन आत. आमाला विमानात बसवून घरी पाठवलं. मी कुनाशी भांडलो नाही. आता ते दार इथं, होसकोट्यात, उघडायचं आहे."

माझ्याकडं राखून ठेवलेला निम्मा राग कुठं गेला कळलं नाही. मी "हो, आजच चालू करा" म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तुळसाक्का बोलल्या. "खंडू, ही तलवार आपन आज उचलतो काय?"

"नाही."

"का नाही?"

"आज्जा म्हनायचे, आज ठेवायची. उद्या सीमा ओलांडताना उचलायची."

"मी तीस वर्षं पोरांना शिकवलं," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, आणि आवाज एकदम वर्गातला झाला. "आधी जगात दोन मोठे पैलवान होते. कुनाच्या तरी पाठीशी उभं राहिलं की चालायचं. आता एक मोडला. आपन ज्यांच्याकडून सुटे भाग घ्यायचो तो देशच तुकडे तुकडे झाला, एक भाग या देशात, एक त्या. दुसरा उरला, तो म्हनतो माझ्या मर्जीनं वागा. आता लढाई रनांगनात नंतर होते अक्का, आधी गोदामात होते. कुनाला काय विकायचं नाही, यावर. रिंगसुद्धा हत्यार झाली. सगळं जग विचारतं, यांच्या हातात मोठं हत्यार आलं, आता हे काय करतील? आपल्या सरकारनं सांगितलं, आमी आधी वापरनार नाही. लोक हसले, म्हनले बोलायची गोष्ट आहे. पन हे आपल्याला कुनी दिल्लीत शिकवलं नाही. हे घरात आहे. हत्यार आहे, हे पन दाखवायचं. आज उचलत नाही, हे पन दाखवायचं. दोन्ही जमलं तर राज्य. नुसतं दाखवलं तर जग भितं, नुसतं ठेवून दिलं तर दुसरा मारतो."

मी त्या तलवारीकडं बघत बसले. आमच्या कुपवाडच्या डब्यावरही सकाळी तीच हळद लागली होती. म्हणजे माझे वायसरही आज हत्यारंच होती, शेतातले पंप सोडून पहिल्यांदाच. अभिमान म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. छाती फुगवण्यासारखं काही नव्हतं त्यात, उलट गप्प बसावंसं वाटलं.

"उद्या पहाटे," मी म्हटलं. "पण पहाटे म्हणजे पहाटे. तुमची कॉफी नंतर."

खंडोजी राव मोठ्यानं हसले. मला वाटतं, त्यांनाही हेच हवं होतं.

दसरा

पहाटे शेडमध्ये थंडी होती. बंगळूरची हवा अशी, की पंखा लावावा लागत नाही आणि स्वेटर शोधावा लागतो. हार काढले, रिंग बसवली. मी स्वतः बोट फिरवून पाहिली, कुठं पीळ पडला नाही ना ते. तेल तापवलं, खंडोजी रावांनी खटका दाबला आणि यंत्र गुरगुरायला लागलं. खिडकीबाहेर उजाडत होतं.

मी पिशवीतून आपट्याची पानं काढली. आमच्या वर्कशॉपच्या कुंपणात आपटा आहे, निघताना फांदी तोडून घेतली होती. शेडमधल्या एकेकाच्या हातात सोनं ठेवलं. त्यांच्यात पान वेगळं, शमीचं, त्याला बन्नी म्हणतात. एकानं खिशातून बन्नीची पानं काढून मला दिली. पळसाला पानं तीनच म्हणतात, पण सोन्याला पानं गावागणिक वेगळी असतात, हे मी शिकले. खंडोजी रावांनी माझं पान उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात ठेवलं. "हे झाड इथं बघितलं नाही," म्हणाले.

यंत्राजवळ बसून काही उपयोग नव्हता आणि मला तिथून हलवतही नव्हतं. शेवटी तुळसाक्का मला बळंच चिकपेटला घेऊन गेल्या. गल्ली अशी की साडीचा पदर आवरला नाही तर शेजारच्या दुकानात विकला जाईल. साड्यांच्या दुकानातला म्हातारा आमचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाला, "बसा, बसा, कुठलं गाव?" मी म्हटलं कुपवाड. "हां, हां," म्हणाला, आणि त्याला कुपवाड ठाऊक नव्हतं हे त्याच्या दोन्ही हांमधून मला कळलं. त्यानं अर्धं दुकान उलगडलं. मला एकाही साडीचा रंग आठवत नाही. माझ्या कानात यंत्र गुरगुरत होतं.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "टिकतंय का?" त्यांनी नमस्कारचमत्कार न करता विचारलं. "टिकतंय," मी म्हटलं. "मग उद्यापर्यंत बोलू नकोस कुणाशी," म्हणाले, "तुझ्या रागानं यंत्र तापायचं."

एकादशी

सकाळी तुळसाक्कांनी उपासाला म्हणून माझ्यापुढं उप्पीट ठेवलं. रव्याचं उप्पीट! एकादशीला! आमच्याकडं साबुदाणा, वरी, रताळं. रवा खाल्ला तर उपास मोडतो. इथं भात सोडला की झाला उपास. मी दोन्ही पद्धतींचा मान राखला आणि उप्पीट खाऊन उपास केला.

समिती साडेनऊलाच आली. तिघे होते, पण बोलणारे एकच, सूद साहेब. गोरेपान, घड्याळाकडं बघत बोलणारे. दुपारच्या विमानानं त्यांना परत जायचं होतं. यंत्र अजून चालू आहे म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली. "परसों शुरू होना था न?"

खंडोजी रावांनी पूजेचं सांगितलं.

"पूजा के लिए पूरा दिन?" सूद साहेब म्हणाले. "दुनिया हमारे हाथ में हथियार देख के घबराई हुई है, और आप लोग हार चढ़ा रहे हैं!"

खरं तर मी बोलायचं काही कारण नव्हतं. मी पंपाचे वायसर करणारी बाई. पण कोहळ्यात बसून आलेल्या बाईला लाज कसली? माझ्या हिंदीत म्हटलं, "साहेब, हमारे यहाँ हथियार पहले पूजते हैं, फिर एक दिन उसको हाथ नहीं लगाते। जिसको घबराना है, उसको ये बताइए।"

 सूद साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चाय मिलेगी?"

अकराला थोडाच वेळ राहिला होता. सूद साहेब कप हातात घेऊन यंत्राभोवती फिरत होते आणि एकदम थांबले. "ये क्या है?"

यंत्राच्या पायाशी, मागच्या बाजूला, तेलाचा ओघळ होता. ओला, चकाकणारा, तळहाताएवढा.

 खंडोजी रावांचा चेहरा मी पाहिला आणि मला त्यांचं ते दार आठवलं, कार्ड लावूनही न उघडणारं.  तीनदा रबर मळलं, तीनदा भाजलं, आणि शेवटच्या घटकेला गळलं. सूद साहेबांच्या सोबत्यानं खिशातून पेन काढलं.

मी खाली बसले. बोट ओघळात बुडवलं, डोळ्यांपुढं धरलं. विमानाचं तेल लाल असतं. हे पिवळं होतं. नाकाला लावलं आणि मला हसू फुटायला लागलं. आमच्या आईनं तीस वर्षं संध्याकाळी देवापुढं जे लावलं, त्याचा वास मला झोपेतही ओळखू येतो.

"तिळाचं तेल आहे," मी म्हटलं. "समईचं!"

नवमीला यंत्रापुढं ठेवलेली समई कुणीतरी मागच्या कोपऱ्यात सरकवली होती, आणि यंत्राच्या थरथरीनं ती हळूहळू कलंडली होती. खंडोजी राव गुडघ्यावर बसले, त्यांनीही बोट लावून वास घेतला आणि कन्नडात देवाचं नाव घेतलं. सूद साहेबांनीही वास घेतला. दिल्लीच्या माणसाला तिळाच्या तेलाचा वास कळतो की नाही कुणास ठाऊक, पण त्यांच्या सोबत्यानं पेन खिशात ठेवलं.

अकरा वाजले. यंत्र थांबलं आणि शेड एकदम इतकी शांत झाली की बाहेरच्या लॉरीवरच्या केळीची पानं वाजलेली ऐकू आली. पंप निवू दिला, खोलला. खंडोजी रावांनी चिमट्यानं रिंग काढली, फडक्यानं पुसली आणि आधी माझ्या हातात दिली. मी तिला दाबलं, पिळलं, उजेडात धरलं. फुगली नव्हती, तडकली नव्हती. सोडली की पुन्हा जशीच्या तशी गोल. कुपवाडच्या प्रेसमधून निघाली तेव्हा होती तशी. मला रडू आलं आणि मी ते अडवलं नाही.

सूद साहेबांनी हात पुढं केला. रिंग तळहातावर घेऊन चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिली. आठी गेली होती. "अच्छी है," म्हणाले. "बहुत अच्छी है। कहाँ की है ये?"

मी पदरानं डोळे पुसत होते. कुपवाड म्हटलं असतं तरी त्यांना काय कळणार होतं!

खंडोजी रावांनी हात खिशात घातला होता. आपट्याचं पान त्यांनी मुठीत धरलेलं मला दिसत होतं. ज्यांनी महाराष्ट्र फक्त नकाशात पाहिला, ते खंडोजी राव ताठ उभे राहून म्हणाले,

"हमारे गाँव की है, सर।"